बिनसावलीची दुपार

कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यान वसलेल्या प्रत्येक गावी सूर्य वर्षातून दोनदा मध्यान्ही थेट डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाशीच गडप होते. यालाच शून्य सावली दिवस म्हणतात.

अवघा महाराष्ट्र या पट्ट्यात मोडतो. मुंबईत हा योग १५-१६ मेच्या सुमारास, दुपारी १२.३५च्या आसपास येतो. जुलैअखेरचा दुसरा योग बहुधा ढगांतच वाया जातो.

गच्चीवर सरळ कडांचा स्टीलचा डबा ठेवल्यास त्याच्या पश्चिमेची काळी कोर बारीक होत नाहीशी होते आणि थोड्याच वेळात पूर्वेला उमटते. चटके बसतात, तेव्हा पायांत चपला असाव्यात.