लांकडी जळणास सरकारी उत्तेजन : उत्तर आयर्लंडचा धडा

सरकारानें एखाद्या कामास द्रव्यसाहाय्य देऊं केलें म्हणजे रक्कम किती, हेंच बहुतेक लोक प्रथम पाहतात. परंतु ती कोणत्या मापानें मोजून मिळणार, हा प्रश्न त्याहूनही महत्त्वाचा आहे. लांकडी जळणावर इमारती ऊबदार ठेवण्याच्या ब्रिटनमधील योजनांवरून ही गोष्ट उत्तम प्रकारें ध्यानांत येते.

थंड मुलुखांत घरें व कोंबड्यांचीं खुराडीं हिवाळाभर तापवावीं लागतात. त्यासाठीं खनिज तेल किंवा वायू न जाळतां, लांकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्या बॉयलरमध्यें जाळाव्या, म्हणून तेथें उत्तेजन देण्यांत आलें. इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स येथें राहत्या घरांसाठीं ही योजना एप्रिल 2014 मध्यें सुरू होऊन 31 मार्च 2022 रोजीं नव्या अर्जांस बंद झाली. तींत पैसे सात वर्षें मिळत. आणि बहुतेक घरांस उष्णता किती लागेल हें दाखल्यावरून आधींच ठरवीत. घरमालकानें अधिक जळण जाळलें म्हणून त्यास अधिक पैसा मिळत नसे.

उत्तर आयर्लंडांत नोव्हेंबर 2012 मध्यें व्यवसायांसाठीं जी योजना निघाली, तिचें माप निराळें होतें. मीटरवर जितकीं युनिटें नोंदलीं जातील तितका पैसा, आणि तोही 20 वर्षें! मध्यम बॉयलरास दर युनिटास 5.9 पेन्स ठरले. जळणाचा खर्च मात्र हिशेबांत सुमारें 4.4 पेन्स धरला होता. म्हणजे नुसतें जाळण्यांतच युनिटामागें दीड पेन्स शिल्लक. ब्रिटनच्या इतर भागांतील व्यवसायांच्या योजनेंत वर्षाचे पहिले 1,314 तास संपले कीं दर खालीं येई. उत्तर आयर्लंडच्या नियमांत हें कलम घातलेंच नव्हतें.

व्हावयाचें तेंच झालें. कुक्कुटपालकांसह अनेकांनीं अर्ज केले व खर्च आवांक्याबाहेर गेला. नोव्हेंबर 2015 मध्यें मर्यादेचें कलम आलें व फेब्रुवारी 2016 अखेर योजना नव्या अर्जांस बंद झाली. जानेवारी 2017 मध्यें या प्रकरणावरून उपमुख्यमंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनीं राजीनामा दिला. तेथील मंत्रिमंडळ कोसळलें, तें जानेवारी 2020 पर्यंत पुन्हां उभें राहिलें नाहीं. न्यायमूर्ति पॅट्रिक कॉगलिन यांच्या चौकशीचा अहवाल मार्च 2020 मध्यें प्रसिद्ध झाला. लांचलुचपत हें या अनर्थाचें मुख्य कारण नसून, न पेलणारें काम खात्यानें पुरेशा देखरेखीवांचून अंगावर घेतलें, असा त्याचा निष्कर्ष आहे.

यांतील खरी झळ कोणास लागली हें शेतकऱ्यांनीं लक्षांत ठेवावें. 2019 मध्यें कायद्यानें दर अत्यंत खालीं आणले. वीस वर्षांच्या भरंवशावर कर्ज काढून बॉयलर बसविणारे सरळमार्गी लोकही त्यांत सांपडले. सरकारी दर बदलला. बँकेचा हप्ता मात्र तसाच राहिला.

म्हणून कोणत्याही सरकारी साहाय्याच्या कागदावर सही करण्यापूर्वीं तीन गोष्टी वाचाव्या. पैसा वस्तु बसविल्याबद्दल एकदांच मिळणार कीं वापरावर? त्यास वार्षिक मर्यादा आहे काय? आणि दर बदलण्याचा अधिकार सरकारानें राखून ठेविला आहे काय? साहाय्य मुळींच मिळालें नाहीं तरीही जें काम परवडेल, त्यासाठींच कर्ज काढणें शहाणपणाचें होय.