गवतातला ताप

पोळा सरला की नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत तापाच्या रुग्णांची रांग वाढू लागते. डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड ही नावं आता घरोघरी पाठ झाली आहेत. 2018 च्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्यांत आणखी एक नाव आलं, स्क्रब टायफस. माणसं दगावली, वर्तमानपत्रांत मथळे झळकले आणि शहर घाबरलं. हा रोग मात्र या देशाच्या चांगलाच ओळखीचा होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढणाऱ्या सैनिकांना त्यानं हैराण केलं होतं. त्याच युद्धकाळात शिकारी-लेखक जिम कॉर्बेट त्याच्या एका भाऊबंदानं, गोचिडीतून होणाऱ्या टायफसनं, अंथरुणाला खिळले होते. त्यातून उठल्यावर 1944 मध्ये ते नागपूरच्या उत्तरेला छिंदवाड्यात सैनिकांना जंगलात वावरण्याचे धडे देत होते.

स्क्रब टायफसच्या जंतूचं नाव ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी. तो पेशीच्या आत शिरूनच वाढतो. त्याला वाहून नेणारा जीव गोचिडीचा दूरचा नातेवाईक आहे, माइट नावाचा सूक्ष्म कीटकसदृश प्राणी. मोठा झालेला माइट मातीत राहतो आणि किड्यांची अंडी खातो. त्याच्यापासून माणसाला धोका नाही. धोका असतो तो त्याच्या सहा पायांच्या, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढ्या लालसर पिल्लापासून. हे पिल्लू गवताच्या टोकावर बसून राहतं आणि उंदीर, घूस किंवा चिचुंदरी शेजारून गेली की तिला चिकटतं. आयुष्यात ते एकदाच असं चावतं. मग पुढच्या प्राण्याला जंतू कसा मिळतो? संसर्ग झालेली मादी तो आपल्या अंड्यांतूनच पिल्लांना देते. उंदीर-चिचुंदऱ्यांवर या पिल्लांचं पोट भरतं, म्हणून जिथे त्या जास्त तिथे माइटही जास्त. माणूस या साखळीत चुकून येतो. सोयाबीन निंदायला बसलेली बाई, धुऱ्यावर गवत कापणारा गडी, रिकाम्या प्लॉटवरच्या झुडपात चेंडू शोधणारा मुलगा, असे कोणीही.

चावा कळत नाही. सहा ते एकवीस दिवसांनी थंडी वाजून ताप येतो, डोकं ठणकतं, अंग मोडून येतं. चावलेल्या जागी अनेकदा विझत्या सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही, खाजत नाही. काखेत, जांघेत, कंबरेच्या नाडीखाली, स्तनाखाली अशी लपलेली असते, म्हणून रुग्णालाही तिचा पत्ता नसतो. प्रत्येकाला ती येत नाही हे खरं. पण सापडली, तर निदान जवळपास तिथंच होतं. माझं स्पष्ट मत आहे की पावसाळ्यानंतरच्या तापात रुग्णाला आडोशाला नेऊन, कपडे बाजूला करून पाहणं ही पहिली तपासणी असली पाहिजे. गर्दीच्या ओपीडीत नेमकी तीच राहून जाते. बाईमाणसानं संकोच करू नये, डॉक्टरांना आपणहून सांगावं की मी गवतात काम केलं आहे.

या रोगाचे भाऊबंदही विदर्भात आहेत. गोचिडीतून येणारा टायफस त्यांतला महत्त्वाचा. त्याचा जंतू रिकेट्सिया कुळातला, आणि कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड ही त्याची मुख्य वाहक मानली जाते. यात लाल पुरळ उठतं आणि ते तळहात-तळपायांवरही दिसतं. तापात तळपाय पाहायची सवय आईवडिलांनी लावून घ्यावी. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये मुलांमधला हा पुरळाचा ताप लवकर ओळखण्यासाठी एक गुणपद्धती मांडली. लक्षणं, परिसराची माहिती आणि साध्या तपासण्या यांना गुण द्यायचे आणि बेरजेवरून संशय पक्का करायचा. मोठी प्रयोगशाळा हाताशी नसलेल्या गावातल्या डॉक्टरसाठी याहून उपयोगी काम मला सुचत नाही.

अंगावर गोचीड दिसली तर बोटांनी चिरडू नये, रॉकेलही लावू नये. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढावी आणि हात साबणानं धुवावेत.

या दोन्ही तापांवर औषध आहे, आणि ते स्वस्त आहे. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वेळेवर सुरू झाल्या की बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. नेहमीच्या पेनिसिलिन गटातल्या औषधांना हे जंतू दाद देत नाहीत. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू असे अवयव धोक्यात येतात. निदानासाठीची जुनी वेल-फेलिक्स रक्ततपासणी अनेक रुग्ण हुकवते. एलायझा तपासणी अधिक भरवशाची, पण आजाराच्या पहिल्या आठवड्यात तीही नकारात्मक येऊ शकते. म्हणूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की संशय दाट असेल तर अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करावेत. लहान मुलांचे दात पिवळे पडतील या भीतीनं हे औषध टाळलं जातं. थोड्या दिवसांच्या उपचारानं तसं होत नाही. स्क्रब टायफसच्या अत्यवस्थ रुग्णांसाठी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकारानं झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन ही दोन्ही औषधं शिरेतून एकत्र दिली, तर एकेकट्या औषधापेक्षा गुंतागुंत कमी होते, असं त्यात दिसलं. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही. अत्यवस्थ होण्याआधीच गोळी पोटात जायला हवी, असा मी त्याचा अर्थ घेतो.

गावात स्क्रब टायफसचा रुग्ण सापडला की लोक आधी उंदीर मारायला धावतात. नुसते उंदीर मेले, तर माइटची भुकेली पिल्लं माणसाकडे वळतात. आधी घराभोवतीचं गवत काढायचं, कीटकनाशक मारायचं आणि मग उंदरांकडे वळायचं, हा क्रम पाळावा लागतो. धोका मोजण्याची रीतही ठरलेली आहे. सापळ्यात पकडलेले उंदीर-चिचुंदरी पांढऱ्या ताटावर विंचरायचे, माइट मोजायचे आणि दर प्राण्यामागे सरासरी काढायची. ती 0.69 च्या वर गेली की इशारा समजायचा. नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, प्राण्यांतून माणसांत येणाऱ्या रोगांवर तिथे काम चालतं. डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ (माणसं आणि प्राणी यांचं एकत्रित आरोग्य) संस्थेची पायाभरणीही याच शहरात झाली. एवढं मनुष्यबळ असताना ही मोजणी पहिला रुग्ण दगावल्यावर का करायची? जुलैत, पेरण्या आटोपल्या की दरवर्षी ती व्हावी, आणि ज्या गावचा आकडा चढा येईल तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्सिसायक्लिनचा साठा पोळ्याआधी पोचावा.