डिंकाने बंद केलेला फोन

बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्याचा फोन जरा जवळून पाहा. खालच्या स्पीकरच्या जाळीवर काळी लव उगवल्यासारखी लोखंडाची भुकटी बसलेली असते. स्पीकरमध्ये लोहचुंबक, त्यामुळे झटकून ती जात नाही. चिकटपट्टी दाबून उचलावी लागते. त्यात पावसाळ्यातली झड. पाळी सुटल्यावर मोटारसायकलवरून अनगोळला घरी पोचेतो रेनकोटचा खिसाही ओला होतो. असा माणूस फोन घेताना पाण्या-धुळीचं आधी विचारतो, आणि बरोबरच विचारतो.

दोन-तीन वर्षांनी बॅटरी उतरते, तेव्हा खरी गंमत. कारागीर फोन हीट मॅटवर ठेवतो, डिंक मऊ झाला की सक्शन कपाने मागची काच किंचित उचलतो आणि फटीतून प्लॅस्टिकची पातळ पात फिरवतो. काच तडकली किंवा आतली पातळ फ्लेक्स केबल तुटली, की खर्च बॅटरीच्या पलीकडे गेला. शेवटी नवा डिंक, वरून रबरबँड, आणि फोन हातात. कंपनीतलं सील मात्र गेलेलं असतं. ज्या सोयीसाठी फोन उघडणं अवघड केलं, तिचा भरवसा पहिल्याच दुरुस्तीत संपतो.

पाण्यापासून वाचवायचं तर फोन डिंकाने बंद करणं आलंच, असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. २००३ च्या नोकिया ११०० ला धूळ न शिरणारा कीपॅड होता आणि बॅटरी कुणीही बदलत असे. बरं, तो साधा फोन म्हणून सोडून द्या. सॅमसंगचा २०१४ चा गॅलेक्सी एस५ स्मार्टफोनच होता. झाकण नखाने उघडायचं, तरी मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल असं मानांकन. पुढच्या वर्षी एस६ आला, धातू आणि काचेचा, देखणा. त्यात बॅटरी आत कायमची बंदिस्त झाली आणि पाण्याचं मानांकनही गेलं! सौदा पाण्याचा नव्हता, रूपाचा होता.

डिंकाचं एक वेळ समजू शकतं, सॉफ्टवेअरच्या कुलपाचं नाही. २०२१ मध्ये आयफोन १३ चा डिस्प्ले बाहेरच्या दुकानात बदलला की फेस आयडी बंद पडायचा. ओरड झाली आणि अ‍ॅपलने सॉफ्टवेअरमध्येच तो अडसर काढला. म्हणजे तो ठेवायची गरजच नव्हती.

दुरुस्तीच्या बाजूने आता सरकारंही हलू लागली आहेत. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनचे महत्त्वाचे सुटे भाग, त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही, सात वर्षं पुरवणं बंधनकारक आहे. आपल्याकडे २४ डिसेंबर २०२२ ला केंद्र सरकारचं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झालं. कोणतं उपकरण किती दुरुस्त होण्यासारखं आहे हे गुणांनी दाखवण्याची शिफारस करणारा सरकारी समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये केंद्राकडे गेला.

ते गुण खोक्यावर छापून येईपर्यंत फोन घेतानाच विचारा, बॅटरी बदलायला किती पडतील आणि ओरिजिनल मिळेल का. दुरुस्तीला देताना नवं सील बसवायला सांगा. आणि एकदा उघडलेला फोन पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीतच ठेवा, खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.