माळ्यावरची खोली आणि कौन्सिलचा कागद

माझी मावसबहीण लंडनच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहते. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो होतो. पहिल्याच रविवारी तिने जिन्यावरच्या छतातली चौकोनी झडप उघडली, घडीची शिडी खाली ओढली आणि मला टेप देऊन वर पाठवलं. वर गणपतीचं मखर, दिवाळीच्या आकाशकंदिलांची खोकी, रिकाम्या बॅगा आणि तुळयांच्या मधोमध अंथरलेली काचलोकर. आढ्यापासून खालच्या तुळईपर्यंत टेप सोडला. २ मीटर ४० सेंटीमीटर.

“दादा, खोली होईल ना? सासू-सासरे व्हिसावर सहा महिने येतात, मुलं तेवढे दिवस दिवाणखान्यात झोपतात. बिल्डर म्हणतो, परवानगी लागतच नाही.”

खोली होण्याजोगी उंची होती. पण बिल्डरचं ते शेवटचं वाक्य अर्धं खरं होतं, आणि इंग्लंडमध्ये घर घेतलेल्या आपल्या कितीतरी माणसांना ते अर्धंच ऐकवलं जातं.

१९४७ च्या नगररचना कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये बांधकामाचा हक्क जमिनीच्या मालकीपासून वेगळा केला. १ जुलै १९४८ पासून जमीन तुमची असली तरी बांधायला परवानगी हवी. मात्र घरातल्या लहानसहान वाढीव कामांसाठी प्रत्येकाने अर्ज करायचा म्हटलं तर कार्यालयं तुंबतील. म्हणून काही कामांना सरकारने आदेशानेच आधी परवानगी देऊन ठेवली आहे. इंग्लंडपुरता सध्याचा आदेश २०१५ चा. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत. या सवलतीला ‘परमिटेड डेव्हलपमेंट’ म्हणतात. म्हणजे परवानगी लागते, ती आधीच दिलेली आहे, आणि तिला अटी आहेत. एक अट मोडली की सवलत गेली.

आपल्याकडच्या कौलारू घराचे शब्द इथे चपखल बसतात. रस्त्याकडच्या पुढच्या पाख्यातून खोली बाहेर काढायची नाही. आढ्याच्या वर जायचं नाही. मागच्या पाख्यातून उभी भिंत काढून जो डॉर्मर बांधतात, तो वळचणीपासून किमान २० सेंटीमीटर मागे हवा. बाल्कनी नाही. साहित्य जुन्या घराशी मिळतंजुळतं. बाजूच्या भिंतीतल्या खिडकीला धूसर काच, आणि खोलीच्या जमिनीपासून १.७ मीटरच्या खालचा भाग न उघडणारा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो घनफळाचा. ओळीतल्या, भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांना ४० घनमीटरची मर्यादा आहे, जोडघरांना आणि स्वतंत्र घरांना ५०. हा आकडा खोलीचा नाही, छपराच्या बाहेर नव्याने आलेल्या आकाराचा आहे. बहिणीच्या ओळीतल्या घराचा हिशेब मी कागदावर मांडून दाखवला. घराची रुंदी ५ मीटर. डॉर्मरचं सपाट छत आढ्यापासून मागे ४ मीटर येणार आणि त्याची उभी भिंत साधारण २.३ मीटर. बाजूने पाहिलं तर हा त्रिकोण. ४ गुणिले २.३, त्याचं निम्मं ४.६. गुणिले ५, म्हणजे २३ घनमीटर. ४० च्या आत. पण आधीच्या मालकाने छपरात काही वाढवलं असेल तर तेही याच ४० मध्ये धरतात, कारण मोजमाप ‘मूळ घरा’पासून होतं, म्हणजे १ जुलै १९४८ ला ते जसं होतं तिथून किंवा नंतर बांधलं असेल तर बांधलं तसं. तुम्ही घर कधी घेतलं याला इथे महत्त्व नाही.

फ्लॅटला ही सवलत अजिबात नाही. वारसा जपणाऱ्या संरक्षित वस्त्यांत डॉर्मरला नाही. नव्या वसाहतींत कधीकधी मूळ परवानगीतच ती काढून घेतलेली असते. तिथे रीतसर अर्ज करावा लागतो. एप्रिल २०२५ मध्ये त्याची फी २५८ पाऊंडांवरून ५२८ झाली. निर्णयाची मुदत ८ आठवडे.

इथे आपल्या लोकांनी सावध राहावं. मुंबई इलाख्याचा १९१५ चा नगररचना कायदा विलायतेतल्या १९०९ च्या कायद्यापाठोपाठ आला, त्यामुळे दोन्हीकडची भाषा ओळखीची वाटते. पण आपल्या महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर, बांधकाम नियमात बसत असल्यास, परवानगी मिळाली असं मानण्याची तरतूद आहे. इंग्लंडमध्ये कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या पालिकेचं, मौन म्हणजे होकार नव्हे. मुदत उलटली तर फक्त अपील करता येतं.

आता बिल्डरने न सांगितलेलं अर्धं. नगररचनेची परवानगी आणि बांधकामाची सुरक्षितता ही दोन वेगळी खाती आहेत. दुसरं, म्हणजे बिल्डिंग रेग्युलेशन्सचं, कुणालाही चुकत नाही. माळ्याच्या तुळया खालच्या छताचं प्लास्टर आणि चार खोकी पेलण्यासाठी असतात. पलंग, कपाट आणि माणसं त्यांवर ठेवता येत नाहीत, नव्या तुळया टाकाव्याच लागतात. दुमजली घर तिमजली झालं की आग लागल्यावर वरच्या माणसाला खिडकीतून उतरता येत नाही. म्हणून जिना थेट बाहेरच्या दारापर्यंत बंदिस्त हवा, त्यावर उघडणारी दारं किमान २० मिनिटं आग रोखणारी हवीत आणि प्रत्येक मजल्यावर एकमेकांना जोडलेले धुराचे अलार्म हवेत. दारं बदलायचा खर्च ऐकून लोक कां-कूं करतात. वर कोण झोपणार आहे ते आठवा, एवढंच मी बहिणीला म्हटलं.

सामाईक भिंतीत लोखंडी तुळई बसवायची तर १९९६ च्या कायद्याने शेजाऱ्याला २ महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. १४ दिवसांत त्याचा होकार आला नाही तर तंटा धरून सर्व्हेअर नेमावे लागतात. नोटिशीआधी शेजाऱ्याला चहाला बोलवावं. माळ्यात वटवाघळं आढळली तर काम थांबवायचं, त्यांना कायद्याचं संरक्षण आहे.

बहिणीच्याच गल्लीतल्या एका कुटुंबाचं घर विकताना अडलं. वरची खोली सुरेख, पण कागद एकही नाही. खरेदीदाराच्या वकिलाने विचारलं, उत्तर नव्हतं. सौदा मोडला. २५ एप्रिल २०२४ नंतर पूर्ण झालेल्या विनापरवानगी कामावर कौन्सिल १० वर्षांपर्यंत कारवाई करू शकतं, त्याआधी घराच्या बांधकामाला ही मुदत ४ वर्षांची होती.

यावर उपाय आहे, आणि तो सक्तीचा नसल्यामुळेच लोक सोडून देतात. काम सवलतीत बसतं असं कौन्सिलकडून लिहून घेता येतं. त्याला ‘लॉफुल डेव्हलपमेंट सर्टिफिकेट’ म्हणतात आणि फी पूर्ण अर्जाच्या निम्मी. काम संपल्यावर बिल्डिंग रेग्युलेशन्सनुसार पूर्णत्वाचा दाखला वेगळा घ्यायचा.

तुमच्या माळ्यावर खोली काढायची असेल तर बिल्डरला आगाऊ रक्कम देण्याआधी या सर्टिफिकेटचा अर्ज करा. ते हातात आल्यावरच छपराला हात लावू द्या.