चढावरचं कर्ज उतारावर फिटत नाही

आमच्या केममध्ये भल्या पहाटे रस्त्यावर कुणी पळताना दिसलं, की एकच प्रश्न येतो: "का गं, भरती निघाली का?" पोलीस भरतीशिवाय माणूस कशाला पळेल, हा त्यामागचा सरळ हिशेब. पेटच्या तयारीत आणि नंतर प्रयोगशाळेत बसून बसून पाठ धरायला लागली, म्हणून मी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत पळायला लागले, तेव्हा मलाही हेच विचारलं गेलं. करमाळा तालुक्याचा हा भाग भीमा आणि सीना या दोन नद्यांच्या मधला, बऱ्यापैकी सपाट. महिनाभरात मी एक किलोमीटर ८ मिनिटांत आणि फार न धापता पळू लागले. नवशिकीसाठी ठीक होतं.

मग फील्डवर्कसाठी काही महिने साताऱ्याला राहायला गेले. तिथे यवतेश्वर घाटाच्या रस्त्याला पहिल्याच दिवशी फोनने सांगितलं: किलोमीटरला ११ मिनिटं. दुसऱ्या दिवशीही ११. आठवडाभर तेच. मी स्वतःशी निष्कर्ष काढून टाकला की महिन्याभराची मेहनत वाया गेली आणि पळणं आपल्याला जमणारं नाही. आठव्या दिवशी बूट घातलेच नाहीत.

निष्कर्ष चुकीचा होता, आणि तो का चुकला हे शोधताना जे वाचलं ते संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचं आहे, म्हणून हा लेख. डोंगराळ भागात पळायला सुरुवात करायची असेल तर अर्थातच जास्त कामाचा.

चढावर नेमकं किती महाग पडतं?

२००२ मध्ये अल्बर्टो मिनेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'जर्नल ऑफ अप्लाइड फिजिऑलॉजी'मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी १० धावपटूंना ट्रेडमिलवर चालायला आणि पळायला लावलं. ट्रेडमिलचा उतार-चढ उणे ४५ टक्क्यांपासून अधिक ४५ टक्क्यांपर्यंत बदलत नेला आणि शरीर किती ऑक्सिजन वापरतं त्यावरून ऊर्जेचा खर्च काढला. (इथे १० टक्के चढ म्हणजे १०० मीटर पुढे जाताना १० मीटर वर.)

सपाटीवर पळण्याचा खर्च आला सरासरी ३.४० ज्यूल, दर किलो वजनामागे, दर मीटरला. चढ वाढला की तो भराभर वाढतो. उतारावर तो आधी कमी होतो, २० टक्के उताराच्या आसपास सगळ्यात कमी म्हणजे १.७३ होतो, आणि त्याहून तीव्र उतारावर पुन्हा वाढायला लागतो, कारण शरीराला स्वतःला सावरून धरावं लागतं.

या मोजमापांवरून त्यांनी एक सूत्र बसवलं. त्यात चढाचा आकडा घातला की अंदाजे खर्च मिळतो. सूत्रातून सपाटीचा आकडा ३.४ नाही, ३.६ येतो. नव्या वाचकाला ही छपाईची चूक वाटते. तशी ती नाही. सूत्राचा वक्र सगळ्या बिंदूंच्या जवळून जातो, प्रत्येक बिंदूतून जाईलच असं नसतं. मोजलेली किंमत आणि सूत्राने सांगितलेली किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा इथे पक्कं करून ठेवा. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच ठिकाणचे घ्यायचे. खाली मी सगळीकडे सूत्राचेच घेतले आहेत.

माझ्या रस्त्याच्या एका किलोमीटरमध्ये उंची साधारण ६० मीटर वाढते, म्हणजे ६ टक्के चढ. सूत्र सांगतं: सपाटीला ३.६, ६ टक्के चढाला ४.९३. म्हणजे ३७ टक्के जास्त. शरीरावर तेवढाच भार ठेवायचा असेल, तर वेळही तेवढ्याच पटीने वाढणार. ८ मिनिटांचे १.३७ पट करा. उत्तर येतं १० मिनिटं ५७ सेकंद.

म्हणजे केमची ८ मिनिटं आणि घाटातली ११ मिनिटं ही जवळपास एकच कामगिरी होती. मी खचले होते ते चुकीचा आकडा बघून.

मग उतारावर भरपाई होत नाही का?

साहजिक वाटतं की जाताना जे जास्त गेलं ते येताना परत मिळेल. मलाही वाटलं होतं. हिशेब करून बघू. ६ टक्के उतारावर खर्च २.६१. जाण्यायेण्याची बेरीज ७.५४. सपाटीवर तेवढंच अंतर ७.२. म्हणजे ५ टक्के जास्तच. चढ १० टक्क्यांचा असेल तर ५.९७ अधिक २.१५, म्हणजे ८.१२, सपाटीपेक्षा सुमारे १३ टक्के जास्त. घाट जितका तीव्र तितकं कर्ज मोठं, आणि उतार ते पूर्ण फेडत नाही.

गणिताच्या विद्यार्थ्यांना याचं कारण सूत्रातच दिसेल. चढ अधिक धरला आणि उतार उणे धरला, की बेरजेत विषम घातांची पदं एकमेकांना रद्द करतात. वर्गाचं पद मात्र दोन्हीकडे अधिकच राहतं आणि उरतं. म्हणून 'वर जाऊन खाली आलो, सरासरी चढ शून्य, म्हणजे सपाटीवर पळाल्यासारखंच' हे वाक्य चुकीचं आहे. नातं सरळ रेषेचं नसेल तर सरासरीची किंमत आणि किंमतींची सरासरी सारखी येत नाही. तुमच्या विषयात तापमान असेल, पाऊस असेल, औषधाचा डोस असेल, हा घोटाळा तिथेही होतो.

आता खरी गंमत. याच हिशेबाने उतारावर तेवढ्याच श्रमात मी किलोमीटर पावणेसहा मिनिटांत पळायला हवी. आणि मी तेच केलं! कागदावरचं गणित जुळतं म्हणून उतारावर सुसाट सुटले. धाप अजिबात लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मांड्या दगडासारख्या झाल्या. तिसऱ्या दिवशी माझ्या प्रगती अहवालाचं सादरीकरण होतं आणि मी कठड्याला धरून, एकेक पायरी आडवी उतरत सभागृहात पोहोचले. समितीतल्या एका सरांनी आधी तब्येतीची चौकशी केली, मग पीपीटी बघितली.

ऊर्जा कमी, मग दुखलं का?

याचं उत्तर एका जुन्या आणि फार देखण्या प्रयोगात आहे. १९५२ मध्ये अ‍ॅबट, बिगलँड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने नेहमीसारखे पेडल मारायचे, दुसऱ्याने त्याच पेडलांना विरोध करायचा. दोघांच्या पायांवर जोर सारखाच. पण विरोध करणाऱ्याचा ऑक्सिजनचा खर्च बराच कमी आला. स्नायू आखडत काम करतो तेव्हा महाग पडतो, आणि ताणला जात असताना जोर धरून ठेवतो तेव्हा स्वस्त पडतो.

उतारावर मांडीचे पुढचे स्नायू हेच दुसरं काम करतात. प्रत्येक पावलाला ते ब्रेक लावतात. ऑक्सिजन कमी लागतो म्हणून श्वास शांत राहतो, पण प्रत्येक तंतूवर ताण जास्त येतो आणि सूक्ष्म इजा होते. दुखणं लगेच येत नाही. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असतं आणि मग ओसरतं. चांगली बाजू अशी, की थोडा थोडा उतार पळून झाल्यावर पुढच्या वेळी तोच उतार खूप कमी दुखवतो. स्नायू लवकर शिकतात. गुडघ्याभोवतीचे आणि टाचेचे कंडरे मात्र सावकाश तयार होतात, म्हणून दुखणं थांबलं की लगेच अंतर दुप्पट करायचं नसतं.

म्हणजे दोन मोजमापं झाली: श्वास आणि स्नायू. चढावर श्वास आधी ओरडतो, उतारावर स्नायू उशिरा ओरडतात. फक्त ऊर्जेचा शोधनिबंध वाचून मी पायांबद्दल निष्कर्ष काढला. निबंध बरोबरच होता. त्याने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी त्यातून घेतलं.

ते १० जण कोण होते?

आणखी एक. मिनेटींचे १० जण डोंगरी शर्यतींना सरावलेले धावपटू होते, आणि पळत होते ट्रेडमिलवर. तिथे खडी नाही, शेवाळ नाही, वळणावरून येणारा टेंपो नाही. म्हणून वरचे आकडे मी दिशा कळण्यासाठी वापरते, सेकंदापर्यंत खरे मानत नाही. माझे १० मिनिटं ५७ सेकंद जुळून आले यात थोडा योगायोगही असणार.

हाच प्रश्न उलट बाजूनेही विचारा. ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला. यावरून 'खडतर मुलखातली माणसं मुळातच काटक' असं लोक सहज बोलतात. पण त्याच मुलखात वाढून कधीच न पळालेली हजारो माणसं या वाक्यात मोजलेलीच नाहीत. जे पोहोचले तेवढेच बघून नियम करायचा नसतो.

मग सुरुवात कशी करायची?

दुसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा घाटात रोज भेटणारे साठीचे एक काका म्हणाले, "अगं, घड्याळ काय बघतीस, श्वास बघ की." शरीरक्रियाशास्त्रात याला टॉक टेस्ट म्हणतात. पळताना एक पूर्ण वाक्य बोलता आलं तर भार ठीक. दोन शब्दांत धाप लागली तर जास्त. मी यावरच बसवलेला क्रम असा:

१. अंतर ठरवू नका, वेळ ठरवा. आठवड्यातून तीन दिवस, २५ मिनिटं. मध्ये एकेक दिवस सुट्टी.

२. पहिले दोन आठवडे चढावर १ मिनिट पळा, २ मिनिटं चाला. उतार पूर्ण चालतच या.

३. तिसऱ्या आठवड्यापासून उताराचा शेवटचा सौम्य तुकडा पळा. पावलं छोटी, पाय शरीराच्या खालीच पडू द्या, पुढे फेकू नका. दर आठवड्याला थोडाच वाढवा.

४. वाक्य तुटलं की चाला. यात कमीपणा नाही. त्याच निबंधात सपाटीवर चालण्याचा कमीत कमी खर्च १.६४ आणि पळण्याचा ३.४०, म्हणजे दुप्पट फरक. ४५ टक्के चढावर मात्र १७.३३ आणि १८.९३. चढ तीव्र होतो तसा पळण्या-चालण्यातला फरक जवळपास मिटतो. २०१२ पासून होणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये याच घाटाने वर जातात, आणि त्यातही चढावर चालणारे पुष्कळ दिसतात.

५. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं पळा. भडक कपडे घाला. पावसाळ्यात शेवाळलेली कड टाळा.

६. दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील तर थांबा, ते दोन-चार दिवसांत जातं. एकाच बाजूला, एकाच जागी टोचणारं दुखणं आठवडाभर राहिलं तर दाखवा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर त्याच क्षणी थांबा आणि डॉक्टरांकडे जा.

आणि निकाल?

दिवाळीला केमला आले. त्याच जुन्या रस्त्यावर, वाक्य बोलता येईल एवढ्याच भाराने पळाले. किलोमीटरला ७ मिनिटं १० सेकंद. आता म्हणावंसं वाटतं की घाटाने मला वेगवान केलं.

पण उन्हाळ्यातली आठ मिनिटं गरम हवेत होती आणि दिवाळीत पहाट थंड. मध्ये काही महिन्यांचा सराव झाला होता. तो सपाटीवर केला असता तरी कदाचित एवढाच फरक पडला असता. घाटाचाच परिणाम आहे असं म्हणायला सारख्या ताकदीचे दोन गट हवेत, एक घाटात, एक सपाटीवर, तेवढेच दिवस, तेवढीच मिनिटं. माझ्याकडे आहे एक माणूस आणि दोन ऋतू. म्हणून मी एवढंच म्हणू शकते: मी सोडलं नाही, आणि मला आता कमी धाप लागते.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा कागदाच्या वर दोन ओळी लिहा. मी काय मोजणार आहे? आणि त्यावरून मी काय म्हणणार आहे? या दोन ओळींमध्ये जो चढ आहे तो आधी मोजा. मी तो मोजला नाही म्हणून एक आठवडा बूट कोपऱ्यात पडून राहिले. तुमची तीन वर्षं जायला नकोत.