शारदेच्या लुगड्यातला केशव

दिवाळी सरली की बालाघाटच्या गावांत मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री दंडार हे लोकनाट्य. दंडारीतले बाईचे सोंग गावातलाच एखादा मिसरूड न फुटलेला पोट्टा काढतो आणि पहाटे लुगडे फेडून धान कापायला बांधीत उतरतो. झाडीपट्टीची ही रीत भंडारा-गोंदियाची, तशीच आमची. 1867 साली बालाघाट जिल्हा उभा राहिला तोच मुळी भंडारा, मंडला आणि सिवनीचे तुकडे जोडून. दंडारीतल्या पोट्ट्याला सकाळी घर असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाटक कंपन्यांत गेलेल्या पोरांचे घर म्हणजे कंपनीचे बिऱ्हाड, आणि तेही दर मुक्कामाला नवे.

अशा पोरांची गरज निर्माण केली संगीत नाटकाने. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हापासून नटाने स्वतः गायचे हे ठरून गेले. कुलीन घरची बाई रंगमंचावर चढणार नव्हती. नायिका हवी, ती गाणारी हवी, तर कोवळ्या गळ्याचा मुलगा शोधा. कंपन्यांची नजर गावोगावच्या आवाजांवर असे. मुलाला जेवण, कपडे आणि तालीम मिळे, आणि घरचे एक तोंड कमी होई. गरिबाला हा सौदा वाईट वाटत नसे. मला तो वाटतो, पण मी उपाशी नाही.

कोल्हापूरच्या भोसल्यांच्या घरात हेच झाले. केशवचा जन्म 9 ऑगस्ट 1890 चा. वडील लवकर गेले, आई जनाबाईंच्या पदरात मुले आणि दारिद्र्य. पाचेक वर्षांचा केशव स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला. अक्षरओळखीच्या वयात त्याला सूर, ताल, पदर सावरणे आणि गर्दीपुढे न बुजणे शिकायचे होते. नाटकाची रात्र संपली की पेट्या बांधायच्या, गाडी धरायची, पुढच्या गावी पुन्हा तालीम.

1899 मध्ये गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ आले. पैशासाठी बाप कांचनभट आपल्या लेकीला जख्ख म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो, त्याची ही गोष्ट. स्वदेशहितचिंतकने ते नाटक घेतले आणि पुढे शारदेची भूमिका केशवकडे आली. वय दहाच्या आसपास. त्याची पदे ऐकून प्रेक्षक वन्समोअरवर वन्समोअर घेत. मागणी वाढली की तेच दुःख तो पुन्हा गायचा, मग आणखी एकदा.

या प्रसंगापाशी मी नेहमी थबकतो. लेकरू परक्याच्या हाती सोपवण्याविरुद्धचे मराठीतले सर्वांत जळजळीत नाटक एक सोपवलेले लेकरूच पेलत होते. मुलींच्या वयावरून महाराष्ट्र नुकताच पेटून उठला होता. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने दहाची मर्यादा बारावर नेली, त्यावर सभा झाल्या, अग्रलेख झडले. थिएटरात शारदेसाठी रुमाल ओले करणाऱ्या गृहस्थाला मात्र लुगड्यातल्या पोराचा विचार शिवत नसावा. जनाबाई कांचनभट नव्हत्या, हेही खरेच. भूक आणि लोभ यांना एका तागडीत घालता येत नाही.

स्त्रीपार्टी मुलाचा खरा वैरी म्हणजे त्याचे वाढते वय. आवाज फुटला की नायिका गेली, आणि गद्यातल्या किरकोळ कामांवर दिवस काढायचे. केशवचा गळा तरला. इतकेच नव्हे, 1 जानेवारी 1908 ला हुबळीत त्याने स्वतःची ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी उभी केली. मालकाचे वय सतरा! या कंपनीने मामा वरेरकरांचे हुंड्यावरचे ‘हाच मुलाचा बाप’ 1916 मध्ये केले. शारदेला विकणारा बाप जाऊन तिथे मुलाचा भाव करणारा बाप आला होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचेच नाव मिळाले; ते नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत सापडले.

8 जुलै 1921 ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव आणि बालगंधर्व यांच्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी मिळून ‘मानापमान’ नाटक केले. नायिका भामिनी बालगंधर्व, नायक धैर्यधर केशवराव. बालगंधर्वांचे नाव आजही शालू-शेल्यासकट आठवते. केशवराव मात्र लुगड्यातून बाहेर पडून मर्दानी भूमिकांत स्थिरावले होते. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला पुण्यात विषमज्वराने ते गेले. वय एकतीस, त्यातली सव्वीसेक वर्षे नाटकात गेली होती.