आपत्ती, शासन आणि समाज : १८९६-९७ च्या प्लेगच्या संदर्भात

३.१ प्रास्ताविक

घरातील वडीलधाऱ्या माणसांना एखाद्या घटनेचे वर्ष विचारून पाहा. 'बहात्तरच्या दुष्काळात विहीर खणली', 'पानशेतच्या पुरात घर गेले', अशी उत्तरे मिळतात. त्यांच्या आधीच्या पिढ्या 'प्लेगच्या साली' असे म्हणत. ज्या घटनेपासून लोक वर्षे मोजू लागतात, ती घटना समाजाच्या घडणीत खोलवर शिरलेली असते. आपत्ती बहुधा निसर्गातून येते. परंतु तिच्यातून समाज कसा बाहेर पडतो, हे वस्तीची रचना, शासनाची रीत आणि परस्परविश्वास यांवर अवलंबून असते. हे विधान आपण प्लेगच्या उदाहरणाने तपासून पाहू.

३.२ रोग आणि परिसर

सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक प्लेगचे निदान केले. हा रोग हाँगकाँगकडून जहाजांमार्फत आला असावा, असे मानले जाते. मांडवी हा गोदीलगतचा, धान्याच्या वखारींचा भाग. वखारींत उंदीर आणि भोवती दाट, कोंदट चाळी. रोगाचा जंतू निसर्गाचा होता. पण त्याला पोसणारा परिसर व्यापाराने, गिरण्यांनी आणि स्वस्त भाड्याच्या अंधाऱ्या खोल्यांनी निर्माण केला होता.

भीतीने लाखो लोकांनी मुंबई सोडली आणि प्लेग इतरत्रही पसरला. त्याच सुमारास दख्खनमध्ये दुष्काळ होता. अर्धपोटी समाजावर रोगाचे संकट कोसळले, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

३.३ शासनाची रीत

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला. त्याने शासनाला व्यापक अधिकार दिले. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सैनिक घरोघरी शिरून रोगी शोधू लागले. स्वयंपाकघर, देवघर, माजघर काहीही वगळले गेले नाही. रोग्यांना इस्पितळात आणि कुटुंबीयांना छावणीत नेले जाई.

येथे एक भेद समजून घ्यावा. रोग्याला वेगळे ठेवण्याचा उपाय आजही आपल्या परिचयाचा आहे. आक्षेप होता तो उपाय राबवण्याच्या पद्धतीला. शिवाय उंदरांवरील पिसवांमार्फत प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले. म्हणजे १८९७ मध्ये घरे उपसणाऱ्यांना रोगाचा मार्गच ठाऊक नव्हता. ज्ञान अपुरे आणि बळ मात्र अमर्याद, अशी ही अवस्था होती. परिणामी लोक रोगी लपवू लागले. म्हणजे ज्या हेतूने सक्ती केली, तोच हेतू सक्तीने विफल केला. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढे त्याचा मृत्यू झाला. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. आरोग्याचा प्रश्न असा राजकीय प्रश्न बनला.

३.४ समाजाचे प्रतिसाद

सगळे प्रतिसाद संतापाचे नव्हते. सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह रोग्यांची शुश्रूषा केली आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. सैनिकाचा बळजोरीचा हात, सेविकेचा हात आणि स्वतःवर प्रयोग करणारा हात यांतला फरक लोकांना कळत होता.

१८९८ मध्ये मुंबईत सुधार न्यासाची स्थापना झाली. रुंद रस्ते आखले गेले, दादर-माटुंग्याच्या वसाहतींची योजना झाली. मात्र ज्या गरिबांची घरे पाडली गेली, त्यांतील अनेकांना नव्या घरांचे भाडे परवडणारे नव्हते. ते शेजारच्या दाट वस्त्यांतच सामावले. सुधारणेचा लाभ आणि तिची किंमत समाजात समान वाटली जात नाही.

३.५ भाषेतील खुणा

समाजाने आपत्तीकडे कसे पाहिले, हे भाषेतून कळते. जुन्या रोगांची नावे पाहा : 'देवी', 'मरीआई'. येथे रोग आणि दैवत एकरूप आहेत. कोप झाला तर शांत करावा, अशी ही दृष्टी. 'ग्रंथिक सन्निपात' हा संस्कृतप्रचुर शब्द घडवला गेला, पण लोकव्यवहारात रुळला तो इंग्रजीतून आलेला 'प्लेग'. 'सोल्जर'चा 'सोजीर' झालाच होता. २०२० मध्ये 'क्वारंटाइन' आणि 'विलगीकरण' हे दोन्ही शब्द घराघरांत पोहोचले. त्यांपैकी कोणता शब्द कोण आणि कोठे वापरीत असे, याचे निरीक्षण आपणही केले असेल.

३.६ समारोप

१९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर लाखो हात राबले. त्या अनुभवातून मागेल त्याला काम हा हक्क मान्य करणारा रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला. मार्च २०२० मध्ये मात्र १८९७ चाच साथरोग कायदा पुन्हा लागू करण्यात आला. आपत्ती समाजाला हक्क देऊन जाऊ शकते, तशीच सत्तेला अधिकारही देऊन जाऊ शकते. आपल्यापैकी अनेक जण शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका म्हणून शासनाच्या वतीने लोकांच्या दारी जातात. त्यांच्यासाठी हा केवळ इतिहास नाही.

स्वाध्याय : आपल्या गावातील एका आपत्तीविषयी तीन वृद्ध व्यक्तींशी बोला. त्यांनी वापरलेले खास शब्द नोंदवा आणि त्या शब्दांतून निसर्ग, शासन व शेजारी यांच्याविषयी कोणती भावना व्यक्त होते, ते १५० शब्दांत लिहा.